आत बटणं नाहीत

१ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६.१०

आज नव्या लिफ्ट सुरू. जुन्या काढून नव्या बसवायला दोन महिने लागले. तेवढ्या काळात जिने चढून लोकांचे गुडघे खिळखिळे झाले. आता त्यांना माझी किंमत कळली असणार.

वही मुद्दाम नवी घेतली आहे. रोज लिहायचं. अकरा मजली इमारत, एकोणीस वर्षं लिफ्टमन, आणि आजवर एकही चुकीचं बटण दाबलेलं नाही. असं रेकॉर्ड दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवा.

संकल्प एक : नव्या मशीनला पहिल्याच दिवशी ताब्यात घेणे.
संकल्प दोन : मेहुण्याकडून काहीही शिकायचं नाही. (मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. लिफ्ट कंपनीत मेकॅनिक. नेमक्या याच लिफ्ट त्याने बसवल्या. ही म्हणते योगायोग. मला शंका आहे.)

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

आत बटणं नाहीत.

पुन्हा लिहितो. लिफ्टच्या आत मजल्यांची बटणंच नाहीत. खाली लॉबीत एक स्क्रीन लावली आहे. आपल्याला कुठला मजला हवा तो तिथे टाकायचा. मग ती सांगते, ए लिफ्टमध्ये जा किंवा बी लिफ्टमध्ये जा. आत जाऊन नुसतं उभं राहायचं. आत फक्त दोन बटणं. दार उघडायचं हिरवं आणि धोक्याच्या घंटीचं लाल.

चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट आली. तिने तोंड उघडायच्या आत मी नेहमीप्रमाणे बोट पुढे केलं. बोट गुळगुळीत भिंतीवर आपटलं. नख काळंनिळं झालंय. मुलगी म्हणाली, काका, लागलं का? मी म्हणालो, भिंत तपासत होतो.

३ सप्टेंबर, बुधवार

लिफ्टमध्ये एक बाई बोलते. दिसत नाही, छतातून बोलते. दार उघडत आहे. दार बंद होत आहे. पाचवा मजला. आवाज गोड आहे, पण अनुभव शून्य. सातव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांच्या गुडघ्याची चौकशी तिने एकदाही केली नाही.

संकल्प : बाईच्या आधी बोलायचं. आज दिवसभर प्रयत्न केला. पाचवा मजला मी अर्धा सेकंद आधी म्हणालो. सहाव्याला बरोबरी. दुपारनंतर माझा घसा बसला, तिचा बसला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार. घरून, सकाळी

ही म्हणते चष्मा करून घ्या. कारण काय, तर काल मी दुसऱ्याच बसमध्ये चढलो आणि तासाभराने परतलो. मी मुद्दाम चढलो होतो. कधीतरी शहर बघावं माणसाने. शिवाय मला चष्म्याची गरज नाही. बटणावरचा आकडा माझ्या बोटाला कळतो.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नवीन अडचण. मी आत असलो की बाई दर मिनिटाला म्हणते, कृपया बाहेर पडा. लिफ्ट जमिनीवरचं वजन मोजते म्हणे. माझं वजन काही उतरत नाही, म्हणून तिला वाटतं कुणीतरी प्रवासी आत अडून बसलाय. स्टूलही हलवायला लागलं. एकोणीस वर्षांचं स्टूल आता जिन्याखाली झाडू-बादल्यांच्या शेजारी.

मेहुण्याने येऊन सेटिंग बदललं. माझं वजन त्याने मशीनमधून कायमचं वजा करून टाकलं. म्हणजे मी आत असलो, तरी लिफ्टच्या लेखी लिफ्ट रिकामी.

कंपनीने खास माझ्यासाठी बदल केला, ही बाब नोंदवण्यासारखी आहे. संध्याकाळी हिला सांगितलं. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली.

८ सप्टेंबर, सोमवार

११.४० ते १२.२५ अकराव्या मजल्यावर. कुणी बोलावलंच नाही, म्हणून लिफ्ट तिथेच उभी राहिली आणि लिफ्टसोबत मी. आत हालचाल नसली की दिवा आपोआप जातो. मशीनच्या लेखी आत कुणी नाही, मग दिवा कशाला? म्हणून दर दोन मिनिटांनी हात हलवतो. कधी डावा, कधी उजवा. व्यायाम होतो.

मधेच दार उघडलं, तेव्हा नेमके माझे दोन्ही हात वर होते. समोर कुरियरवाला. घाबरून जिन्याने गेला.

९ सप्टेंबर, मंगळवार. जेवणानंतर

मेहुणा जेवायला आला होता. म्हणाला, भाऊजी, आमच्या कंपनीत तक्रारीच्या फोनवर माणूस हवाय. कुणी लिफ्टमध्ये अडकलं की फोन येतो. त्याच्याशी शांतपणे बोलायचं, धीर द्यायचा. तुमच्यासारखा दुसरा कोण मिळणार? बसून काम आहे. महिनाअखेरपर्यंत सांगा.

मी म्हणालो, मी खुर्चीवर बसणारा माणूस नाही. माझं आयुष्य उभ्याने आणि वर-खाली गेलं आहे.

ही म्हणाली, अहो, जरा विचार तरी करा. मी म्हणालो, माझ्याशिवाय ती इमारत दोन दिवस चालणार नाही. मेहुण्याने आमटीत लक्ष घातलं. आमटी चांगली झाली होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

व्यवस्थापक मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, तुमची जागा ठेवायची की नाही ते या महिन्याच्या शेवटी ठरेल. आम्ही लोकांनाच विचारणार आहोत. मदतनीस नसताना लोकांना लिफ्ट जमते का, एवढंच बघायचंय. सोमवारपासून लॉबीत मतं घेण्याचं मशीन ठेवतो. वरती प्रश्न, खाली एक हिरवं बटण, एक लाल. दोन आठवडे.

मनात म्हटलं, ठेवा. मतदानाला मी घाबरतो की काय? या इमारतीत मला ओळखत नाही असा माणूस नाही. सहाव्या मजल्यावरच्या कारकुनाची दोन लग्नं मोडली तेव्हा त्याला जिन्यात कोण भेटलं? मीच. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यात.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ८.४०

मशीन आलं. माझ्या छातीएवढ्या उंचीच्या खांबावर. वरचा प्रश्न बारीक अक्षरात आहे. वाचायची गरज नाही, प्रश्न माझ्याबद्दल आहे हे मॅडमनी सांगितलंच आहे. हिरवं म्हणजे दार उघडणार, लाल म्हणजे धोका. लिफ्टच्या जगात हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पहिलं मत माझंच. हिरवं. मग आणखी दोनदा दाबलं, बटण नीट चालतं का ते बघायला.

प्रचार सुरू. जो येईल त्याला सांगायचं, हिरवं दाबा. माझ्यासाठी.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दातांच्या दवाखान्यातली मुलगी मशीनपाशी थांबली, प्रश्न वाचला आणि मागे वळून म्हणाली, काका, तुम्हाला नक्की हिरवंच हवंय? मी म्हणालो, अगदी मनापासून. ती म्हणाली, आम्हाला करमणार नाही हो. मी म्हणालो, म्हणूनच तर.

तिने हिरवं दाबलं. डोळे पुसल्यासारखे केले. दवाखान्यात औषधांचा वास असतो, डोळ्यांना लागतो.

१७ सप्टेंबर, बुधवार

मेहुणा रोज येतो. कधी वायर बघ, कधी दार तपास. आज मशीनपाशी उभा राहून म्हणाला, भाऊजी, हा प्रश्न वाचलात का? मी म्हणालो, मला शिकवू नकोस. तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून मी बटणं दाबतोय. तो म्हणाला, अहो पण एकदा वाचा तरी. मी त्याला तिथेच सोडून बी लिफ्टमध्ये शिरलो. स्क्रीनवर मजला टाकायचा राहिला, म्हणून लिफ्ट हललीच नाही. तो बाहेरून बघतोय आणि मी आत. दार उघडं. मी घड्याळाकडे बघत राहिलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज लिफ्ट अडकली. पाचव्या आणि सहाव्याच्या मधे. आत मी आणि सातव्या मजल्यावरचे वकीलसाहेब. वय बहात्तर, गुडघ्यात दुखणं, एका हातात काठी, दुसऱ्यात फाईल.

बाई म्हणाली, कृपया शांत राहा. आणि गप्प बसली. दिवा मंद झाला. वकीलसाहेबांना घाम फुटला, श्वास जोरात चालायला लागला. मी त्यांना भिंतीला टेकवून खाली बसवलं, कॉलरचं बटण काढलं, हात हातात धरला. जुनी लिफ्ट अशी किती वेळा अडकायची ते सांगितलं. एकदा लग्नाची नोंदणी करायला आलेले नवरा-नवरी आत अडकले आणि खाली सह्या करायला साक्षीदार ताटकळत बसले, ते सांगितलं. त्या दोघांचं तोवर भांडण झालं होतं आणि मी ते मिटवलं, हेही सांगितलं. वकीलसाहेब हसले. वीस मिनिटांनी मेहुण्याने लिफ्ट खाली घेतली.

बाहेर आल्यावर माझेच हात थरथरत होते. एसीमुळे.

वकीलसाहेब म्हणाले, तुम्ही नसता तर आज मी गेलोच होतो. तुमच्यासाठी काय करू ते सांगा. मी म्हणालो, हिरवं दाबा. तुमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना दाबायला सांगा.

ते चष्मा लावून मशीनपाशी गेले. वाचलं. परत आले. म्हणाले, हेच हवंय तुम्हाला? नक्की? मी म्हणालो, नक्की. त्यांनी माझ्या थरथरणाऱ्या हातांकडे बघितलं आणि खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, खरं आहे. माणसाला कधीतरी विश्रांती लागतेच.

बिचारे. स्वतःच्या विश्रांतीचा विचार करत असावेत.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वकिलांचं अख्खं ऑफिस खाली आलं. चौदा माणसं रांगेत. चौदा हिरवी. प्रत्येकाने माझ्याशी हात मिळवला. एक ज्युनिअर तर पाया पडला. हा असा मान मंत्र्यालाही मिळत नसेल.

घरी हिला सांगितलं की निकाल लागल्यातच जमा आहे. ही म्हणाली, बरं वाटलं हो. पण तिच्या चेहऱ्यावर पुरतं बरं वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, भावाला काय सांगू? मी म्हणालो, सांग, दुसरा माणूस बघ.

२३ सप्टेंबर, मंगळवार

स्वस्थ बसवत नाही. निकालाची काळजी नाही, पण पाय थांबत नाहीत. लिफ्टमध्ये चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. खरं तर तीनच मावतात. दिवसभरात लॉबीत अकरा वेळा जाऊन मशीन बघून, हिरवं दाबून आलो. त्यावर किती मतं पडली ते दिसत नाही. हिरवं बटण मात्र लालपेक्षा जास्त झिजलंय असं बोटाला वाटलं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मतदान संपलं. शेवटचं हिरवं मी दाबलं, बरोबर पाचला. जाताना मेहुणा दिसला. त्याला स्पष्ट सांगितलं की फोनच्या जागेवर दुसरा माणूस घ्या. तो म्हणाला, भाऊजी, अजून वेळ आहे. मी म्हणालो, तुझ्याकडे असेल, मला कामं आहेत.

पुढचे बेत : नवा गणवेश मागायचा. स्टूल परत आणायचं. बाईचा आवाज कमी करून घ्यायचा.

२९ सप्टेंबर, सोमवार. दुपारी १

मॅडमनी आकडे वाचून दाखवले. हिरवी चारशे बारा. लाल नऊ.

चारशे बारा! माझा ऊर भरून आला. मॅडम म्हणाल्या, लोकांचं तुमच्यावर खूप प्रेम आहे. सगळ्यांनी सांगितलं की तुमचीच ही इच्छा होती. मी म्हणालो, होतीच. मॅडम म्हणाल्या, मग हरकत नाही ना? मी म्हणालो, हरकत कसली, आनंद आहे. त्यांनी कागद पुढे केला. मी सही ठोकली, माझी प्रत खिशात घातली. असले कागद वाचत बसत नाही मी. उद्या चारला लॉबीत छोटासा कार्यक्रम ठेवलाय.

नऊ लाल. कोण असतील हे नऊ हरामखोर? सहाव्या मजल्यावरच्या कारकुनावर संशय आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार. संध्याकाळी

कार्यक्रम झोकात झाला. केक होता. भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. वकीलसाहेब बोलायला उभे राहिले आणि चष्मा पुसत पुन्हा खाली बसले. दवाखान्यातली मुलगी रडली. कारकूनही होता. मी त्याच्याशी बोललो नाही.

मग माझं भाषण. पुढच्या दहा वर्षांत काय काय करायचं ठरवलंय ते सविस्तर मांडलं. गणवेश, स्टूल, बाईचा आवाज, सगळं. मॅडमनी मोबाईल काढला. वकीलसाहेब जमिनीकडे बघत राहिले. कुणीतरी मागून टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. माझ्या बोलण्याने लोक भारावले, असं मला वाटतं.

घड्याळ हिने भिंतीला लावलं. ही म्हणाली, अहो, निरोपाला घड्याळ देतात. मी म्हणालो, वेळ पाळणाऱ्यालाही देतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी १०.३०

आज कामावर गेलो. दारातल्या मशीनवर माझा पास चालला नाही. दारावरच्या वॉचमनने मला बसवून ठेवलं आणि मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याने माझ्या खिशातला, परवा सही केलेला कागद काढून वाचला. कालपासून माझी नोकरी संपली, तीही माझ्याच मर्जीने, असं त्यात होतं. मग मतांचं मशीन कोपऱ्यात ठेवलं होतं, तिथे मला नेलं आणि त्यावरचा प्रश्नही वाचून दाखवला.

मदतनीसाशिवाय आपल्याला लिफ्ट वापरता येते का? येत असल्यास हिरवं दाबा.

मी म्हणालो, परत वाच. त्याने परत वाचलं. तेच होतं.

म्हणजे चारशे बारा लोकांनी माझं ऐकलं. मी सांगितलं, आणि त्यांनी मुकाट्याने दाबलं. त्यांना वाटलं, हा दमलाय, याला सुटायचंय. वकीलसाहेबांनी सगळं ऑफिस खाली आणलं ते मला सोडवायला. यातली तीसेक मतं तर माझीच.

मी मेहुण्याला विचारलं, ते लाल नऊ कोण? तो बुटाने फरशी घासत राहिला. म्हणाला, मीच. दोन आठवड्यांत नऊ दिवस आलो होतो, भाऊजी. रोज एक दाबलं.

वाईट वाटलं. असं लिहायची मला सवय नाही, पण लिहून ठेवतो. फार वाईट वाटलं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

चष्मा आला. ही दुकानापर्यंत सोबत आली, बस तिने निवडली. आधीची पानं चष्म्यातून वाचून बघितली. माझं अक्षर बरंच मोठं आहे. आधी कधी लक्षात आलं नव्हतं.

मेहुणा संध्याकाळी येऊन गेला. म्हणाला, आज तुमचं वजनाचं सेटिंग काढलं. आता रिकामी लिफ्ट म्हणजे खरंच रिकामी. मी म्हणालो, बरं केलंस. फोनच्या जागेचं त्याला विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तो स्वतःहून बोलला नाही. त्याला बहुतेक अवघड वाटलं. मला तर वाटलंच.

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०

संकल्प : मेहुण्याला मधे न घालता सरळ कंपनीला फोन करायचा. अनोळखी उमेदवार म्हणून. अडकलेल्या माणसाला धीर द्यायला माझ्याएवढा अनुभवी माणूस त्यांना मिळणार नाही. हे मात्र खरं आहे. वकीलसाहेब लेखी देतील.

चष्मा लावला. नंबर एकेक आकडा बघून फिरवला. ही शेजारी पदराला हात पुसत उभी.

तिकडून फोन उचलला गेला. मी नमस्कार म्हणालो.

बाई होती. छतातली. तोच आवाज, तोच गोडवा. म्हणाली, लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा. दुरुस्तीसाठी दोन. इतर चौकशीसाठी तीन.

ही म्हणाली, कोण आहे? मी म्हणालो, ओळखीची आहे.

नीट बघून तीन दाबलं. बरोबर दाबलं, हिनेही बघितलं.

आता बाई काय म्हणणार ते मला माहीत होतं. अर्धा सेकंद आधी मीच म्हणालो, कृपया थांबा.

मग तीही म्हणाली. थांबलो आहे.